प्रवासी विमानांतील हेड-अप डिस्प्ले

हेड-अप डिस्प्ले हे विमान चालवताना लागणारी महत्त्वाची माहिती वैमानिकाच्या डोळ्यांसमोरील पारदर्शक काचेवर दाखवणारे उपकरण आहे. एचयूडी या आद्याक्षरांनीही ते ओळखले जाते. वेग, उंची, दिशा, क्षितिजाशी असलेला विमानाचा कोन आणि विमान प्रत्यक्षात कोणत्या बिंदूकडे चालले आहे, हे सर्व या काचेवर हिरव्या प्रकाशरेषांनी उमटते. त्याच काचेतून पलीकडचे आकाश, दिवे आणि धावपट्टीही दिसते. त्यामुळे उपकरणे वाचण्यासाठी वैमानिकाला मान खाली घालावी लागत नाही.

लढाऊ विमानांसाठी विकसित झालेले हे तंत्र १९७०च्या दशकात प्रवासी विमानांत आले. आरंभी ते मोजक्या विमानांपुरते मर्यादित होते. बोइंग ७८७ या विमानात मात्र दोन्ही वैमानिकांसाठी एचयूडी हा मूळ साधनसामग्रीचाच भाग आहे. प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये हे उपकरण सामावून घेताना प्रकाशशास्त्र, यंत्ररचना, माहितीची विश्वासार्हता आणि मानवी अवधान अशा चारही अंगांचा विचार करावा लागतो.

गरज

पारंपरिक कॉकपिटमध्ये वेग, उंची व क्षितिज दाखवणारी उपकरणे वैमानिकाच्या समोर, पण खिडकीच्या खाली असतात. ढगांतून किंवा धुक्यातून उतरताना वैमानिक उपकरणांवर अवलंबून असतो. विमान ठरावीक उंचीपर्यंत खाली आले, की धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसतात का हे त्याला पाहावे लागते. या उंचीला निर्णय-उंची म्हणतात. तेथे धावपट्टी दिसली नाही, तर उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाणे बंधनकारक असते.

उपकरणांच्या साहाय्याने करावयाच्या अवतरणाच्या तीन मुख्य श्रेणी आहेत. श्रेणी १ मध्ये निर्णय-उंची २०० फुटांपेक्षा (सुमारे ६० मीटर) कमी नसते. श्रेणी २ मध्ये ती १०० फुटांपर्यंत खाली येते. श्रेणी ३ मध्ये ती १०० फुटांहून कमी असते किंवा नसतेच.

या आकड्यांचा अर्थ वेळेच्या हिशोबाने अधिक स्पष्ट होतो. १४० नॉट वेगाने येणारे जेट विमान दर सेकंदाला सुमारे ७२ मीटर पुढे जाते. नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर ते दर सेकंदाला पावणेचार मीटरच्या आसपास खाली येते. म्हणजे २०० फुटांवरून चाके टेकेपर्यंत सुमारे १६ सेकंद उरतात आणि १०० फुटांवरून त्याच्या निम्मे. एवढ्या अवधीत खालच्या उपकरणांवरील नजर उचलायची, डोळ्यांनी दूरच्या दृश्याशी जुळवून घ्यायचे, धुक्यात अस्पष्ट दिसणारे दिवे ओळखायचे आणि निर्णय घ्यायचा, हे काम कठीण आहे. त्यातच बाहेर पाहताना वेगावरचे लक्ष सुटते, तर वेग पाहताना धावपट्टी नजरेआड होते. ही ये-जा टाळणे हा एचयूडीचा मूळ हेतू आहे.

रचना व कार्य

प्रवासी विमानातील एचयूडीचे तीन मुख्य भाग असतात. पहिला भाग संगणकाचा. तो विमानाच्या विविध संवेदकांकडून माहिती घेऊन चिन्हे कोठे काढायची हे ठरवतो. दुसरा भाग प्रक्षेपक. तो बहुधा वैमानिकाच्या डोक्यावर छताला बसवलेला असतो. जुन्या प्रक्षेपकांत ऋणकिरण नलिका, म्हणजे जुन्या दूरचित्रवाणी संचांत असे त्याच प्रकारची नळी वापरत. अलीकडच्या उपकरणांत द्रवस्फटिक पडदा वापरतात. तिसरा भाग म्हणजे डोळ्यांसमोरची पारदर्शक काच. तिला कंबायनर म्हणतात, कारण ती प्रक्षेपित चित्र आणि बाहेरचे दृश्य एकत्र करते. गरज नसेल तेव्हा ही काच घडी करून वर ठेवता येते.

काचेवर विशिष्ट लेप असतो. तो हिरव्या रंगाच्या एका अरुंद तरंगलांबीचा प्रकाश वैमानिकाकडे परावर्तित करतो आणि बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. म्हणून चिन्हे ठळक दिसतात आणि बाहेरचे दृश्यही फारसे मंद होत नाही.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रकाशकिरण समांतर करणे. भिंगे आणि काचेची वक्रता यांच्या योगाने चित्रातील किरण डोळ्यांपर्यंत समांतर पोहोचतात. त्यामुळे काच हाताच्या अंतरावर असली, तरी तिच्यावरचे चित्र अनंत अंतरावर असल्यासारखे भासते. याचे दोन फायदे होतात. एक, डोळ्यांना जवळून दूर आणि दुरून जवळ असे सतत जुळवून घ्यावे लागत नाही. दुसरा, डोके थोडे हलले तरी क्षितिजरेषा खऱ्या क्षितिजावर आणि धावपट्टीचे चिन्ह खऱ्या धावपट्टीवर स्थिर राहते. मात्र हे चित्र अवकाशातील एका ठरावीक चौकटीतूनच पूर्ण दिसते. डोळे त्या चौकटीबाहेर गेले, की चिन्हे नाहीशी होतात. म्हणून वैमानिकाने आसनाची उंची व अंतर आधीच नेमके जुळवून घेणे आवश्यक असते.

काचेवरील चिन्हे

प्रवासी विमानाच्या एचयूडीवर डाव्या बाजूला वेग, उजव्या बाजूला उंची आणि मध्यभागी क्षितिजरेषा व कोनांची शिडी असते. ही माहिती खालच्या पडद्यावरही असते. एचयूडीचे वेगळेपण दिसते ते उड्डाणमार्ग-चिन्हात. दोन्ही बाजूंना आडव्या छोट्या रेषा असलेल्या वर्तुळाचे हे चिन्ह विमानाचे नाक कोठे रोखले आहे ते दाखवत नाही. विमान खरोखर कोठे जात आहे ते दाखवते.

हा भेद महत्त्वाचा आहे. उतरताना विमानाचे नाक बहुधा किंचित वर असते, पण विमान खाली जात असते. आडव्या वाऱ्यात नाक एका बाजूला वळलेले असते आणि विमान दुसऱ्याच रेषेत सरकत असते. नाव हाकणारा नावाडी प्रवाह ओळखून नावेचे तोंड तिरके ठेवतो, तसाच हा प्रकार आहे. उड्डाणमार्ग-चिन्ह धावपट्टीवरच्या टेकण्याच्या जागी ठेवले, की वारा कसाही असला तरी विमान त्याच जागी पोहोचते. हे चिन्ह अचूक काढण्यासाठी विमानाच्या हालचाली सतत मोजणारी जडत्वीय संदर्भप्रणाली लागते.

याच चिन्हाजवळ वेग वाढतो आहे की घटतो आहे हे सांगणारा छोटा बाण असतो. मार्गदर्शक ठिपका वैमानिकाने विमान कोठे न्यायचे ते सुचवतो. धावपट्टीजवळ आल्यावर नाक केव्हा आणि किती उचलायचे याचीही सूचना मिळते. काही प्रणाल्या चाके टेकल्यानंतर धावपट्टीच्या मध्यरेषेवर राहण्यासाठीही मार्गदर्शन करतात. दाट धुक्यात उड्डाण करतानाही त्याचा उपयोग होतो.

इतिहास

एचयूडीची मुळे दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या परावर्तक नेमदर्शकांत आहेत. त्यांत नेमाचे चिन्ह तिरप्या काचेवर प्रकाशाने उमटत असे. समुद्रावरून अगदी कमी उंचीने हल्ला करण्यासाठी बनवलेले ब्रिटिश नौदलाचे बकानियर हे विमान १९५८ मध्ये प्रथम उडाले. एचयूडीसह सेवेत आलेल्या सुरुवातीच्या विमानांत त्याची गणना होते. फ्रान्समधील कसोटी वैमानिक जिल्बेर क्लोफस्टाइन यांनी उड्डाणमार्ग आणि धावपट्टीची आकृती यांवर आधारलेली चिन्हपद्धती विकसित केली. आजच्या प्रवासी विमानांतील चिन्हांवर तिचा प्रभाव आहे.

धुक्यात उतरण्याच्या प्रश्नाला नागरी विमान वाहतुकीत दोन वेगळी उत्तरे शोधली गेली. पहिले उत्तर होते यंत्राने विमान उतरवणे. १० जून १९६५ रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजच्या ट्रायडंट विमानाने लंडनच्या हीथ्रो विमानतळावर प्रवाशांसह स्वयंचलितपणे चाके टेकवली. या मार्गात एक यंत्र बिघडले तरी काम चालू राहावे म्हणून ऑटोपायलटचे दोन किंवा तीन संच लागतात. दुसरे उत्तर होते विमान वैमानिकाच्याच हाती ठेवून त्याला अधिक चांगले दिसेल अशी सोय करणे. एचयूडी हे या दुसऱ्या विचाराचे फळ आहे.

फ्रान्सच्या एअर इंटर कंपनीच्या दासो मर्क्युर विमानांत १९७०च्या दशकातच एचयूडी होता. तेथे तो मुख्यतः स्वयंचलित अवतरणावर देखरेख ठेवण्यासाठी होता. अमेरिकेतील पोर्टलंड येथील फ्लाइट डायनॅमिक्स कंपनीने १९८०च्या दशकात बोइंग ७२७ साठी विस्तृत दृश्यकोनाची प्रणाली तयार केली. तिच्या आधारे वैमानिकाने स्वतःच्या हाताने श्रेणी ३ च्या धुक्यात विमान उतरवणे शक्य झाले. सिअॅटल आणि पोर्टलंडसारख्या धुक्याच्या विमानतळांवर सेवा देणाऱ्या अलास्का एअरलाइन्सने १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिचा वापर प्रवासी सेवेत सुरू केला. पुढे साउथवेस्ट एअरलाइन्सने बोइंग ७३७ विमानांसाठी हाच मार्ग पत्करला. ज्या विमानांत स्वयंचलित अवतरणाची महागडी यंत्रणा बसवणे परवडण्यासारखे नव्हते, अशा लहान विमानांनाही त्याचा लाभ झाला.

बोइंग ७८७ ची प्रवासी सेवा २०११ मध्ये सुरू झाली. त्याच्या दोन्ही आसनांपुढे एचयूडी असतो. एअरबसच्या ए३२०, ए३८० आणि ए३५० या विमानांत तो मागणीनुसार बसवला जातो. चीनच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने देशातील प्रवासी विमानांत एचयूडी आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते.

कॉकपिटमध्ये बसवताना येणारे प्रश्न

जागा आणि अपघातातील सुरक्षितता. कॉकपिटच्या छताशी आधीच बटणांचे फलक, तारा आणि हवेच्या नळ्या असतात. तेथे प्रक्षेपक बसवताना उंच वैमानिकाच्या डोक्याला तो लागणार नाही, शिवाय आसनात बसता-उठता अडथळा होणार नाही, हे पाहावे लागते. काच तर चेहऱ्यापासून जवळच असते. विमानाला जोराचा धक्का बसला आणि वैमानिकाचे डोके पुढे आपटले, तर काचेने डोक्याला इजा करता कामा नये. म्हणून आघात होताच ती बाजूला सरकेल किंवा सुटेल अशी रचना करतात.

अक्षजुळणी. एचयूडीवरील चिन्हे बाहेरच्या जगाशी तंतोतंत जुळली पाहिजेत. प्रक्षेपक एक अंश जरी तिरका बसला, तरी एक किलोमीटरवर चिन्ह सुमारे १७ मीटर बाजूला पडते. मोठ्या विमानतळांवरील धावपट्टीची रुंदी बहुधा ४५ मीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीचे गांभीर्य कळते. म्हणून उपकरणाचे आधार विमानाच्या सांगाड्याला भक्कमपणे जोडून त्यांची जुळणी अंशाच्या छोट्या भागापर्यंत मोजली जाते. पुढच्या खिडकीची जाड काचही किरणांना किंचित वाकवते. तिचा परिणामही हिशोबात धरावा लागतो. या कारणांमुळे जुन्या विमानात एचयूडी नंतर बसवण्यापेक्षा नव्या विमानाच्या आराखड्यातच त्याची जागा ठरवणे सोपे जाते.

माहितीची विश्वासार्हता. एचयूडी बंद पडणे ही अडचण आहे, पण तो चुकीची माहिती खरी म्हणून दाखवू लागणे हा धोका आहे. धुक्यात जमिनीपासून ५० फुटांवर असलेल्या वैमानिकाला ती चूक पडताळून पाहण्यास वेळ नसतो. म्हणून संगणक एकाहून अधिक स्रोतांकडून आलेली माहिती सतत ताडून पाहतो. तफावत आढळली, तर मार्गदर्शक चिन्ह काढून घेतले जाते आणि धोक्याची सूचना उमटते. ती दिसताच वैमानिकाने अवतरण सोडून वर जायचे असते. ज्या बिघाडाचा परिणाम विनाशकारी ठरू शकतो, त्याची शक्यता १०० कोटी उड्डाणतासांत एकाहून कमी आहे, असे प्रमाणनाच्या वेळी दाखवावे लागते.

रंग आणि उजेड. खालच्या पडद्यांवर तांबडा रंग धोक्याचा, पिवळा सावधगिरीचा, असा संकेत असतो. एकरंगी एचयूडीवर तो वापरता येत नाही. तेथे इशारा आकाराने, चौकटीने, लुकलुकण्याने किंवा अक्षरांनी द्यावा लागतो. सूर्यप्रकाशाने उजळलेल्या ढगासमोरही चिन्हे दिसली पाहिजेत आणि अंधाऱ्या रात्री त्यांचा झगझगाट होता कामा नये. म्हणून त्यांची तेजस्विता बाहेरच्या उजेडानुसार आपोआप बदलते.

चिन्हांची गर्दी. काचेवरची प्रत्येक रेषा बाहेरच्या दृश्याचा थोडा भाग झाकते. खालच्या पडद्यावरील सर्व माहिती वर आणली, तर धावपट्टीच दिसेनाशी होईल. म्हणून उड्डाणाच्या टप्प्यानुसार अनावश्यक चिन्हे वगळली जातात आणि वैमानिकालाही बटण दाबून ती कमी करता येतात. विमान अचानक फार कलले किंवा नाक फार उंचावले, तर बाकी चिन्हे बाजूला ठेवून केवळ सावरण्यास उपयोगी अशीच चिन्हे दाखवली जातात.

एक की दोन

बराच काळ एचयूडी केवळ डाव्या आसनापुढे, म्हणजे कप्तानापुढे बसवला जात असे. अशा विमानात कप्तान काचेतून पाहून विमान उतरवतो आणि सहवैमानिक खालच्या पडद्यांवर लक्ष ठेवून वेग, उंची किंवा मार्ग चुकल्यास मोठ्याने सांगतो. दोघांची माहिती वेगवेगळ्या मार्गांनी येत असल्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात येण्याची शक्यता राहते. याची दुसरी बाजू अशी, की सहवैमानिकाला कप्तानासमोरचे चित्र दिसत नाही आणि त्याला स्वतःला या उपकरणाचा सराव मिळत नाही.

दोन एचयूडी असले, की ही अडचण दूर होते. पण दोघेही बाहेर पाहू लागले, तर खालच्या पडद्यांवर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून दोन एचयूडी असलेल्या विमानांतही कोणी केव्हा काय पाहायचे आणि कोणते शब्द उच्चारायचे, हे कार्यपद्धतीत आधीच ठरवून घ्यावे लागते.

अवधानाचा प्रश्न

एचयूडीबाबतचा सर्वांत चिंतनीय मुद्दा मानवी मनाशी निगडित आहे. दोन गोष्टी एकाच दिशेला, एकाच अंतरावर भासत असल्या, तरी माणूस त्या एकाच वेळी पाहतोच असे नाही. अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रातील फिशर, हेन्स आणि प्राइस यांनी विमान कंपन्यांच्या अनुभवी वैमानिकांवर केलेला प्रयोग १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. बोइंग ७२७ च्या सिम्युलेटरमध्ये अवतरण चालू असताना धावपट्टीवर अनपेक्षितपणे दुसरे विमान आडवे दाखवण्यात आले. एचयूडी वापरणाऱ्यांपैकी दोघा वैमानिकांना समोरचे ते विमान दिसलेच नाही. नजर नेमकी त्याच दिशेला असताना अवधान मात्र हिरव्या चिन्हांत गुंतले होते.

या घटनेला अवधान अडकणे असे म्हणता येईल. नेहमीच्या व अपेक्षित गोष्टी एचयूडीमुळे अधिक अचूकपणे हाताळल्या जातात. अनपेक्षित गोष्ट मात्र कधी कधी उशिरा लक्षात येते, असे या विषयावरील संशोधनातून पुढे आले आहे. बाहेरच्या जगाशी जुळून हलणारी चिन्हे, उदाहरणार्थ खऱ्या धावपट्टीवर बसणारी तिची रेखाकृती, हा धोका कमी करतात. काचेवर एका जागी स्थिर राहणारे आकडे तो वाढवतात. चिन्हांची संख्या आटोपशीर ठेवण्याचे आणि प्रशिक्षणात अनपेक्षित अडथळे मुद्दाम दाखवण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

वर्धित दृष्टी

विमानाच्या नाकावर बसवलेल्या अवरक्त कॅमेऱ्याचे चित्र एचयूडीवर उमटवले, तर धुक्यातील किंवा अंधारातील धावपट्टी डोळ्यांच्या आधी कॅमेऱ्याला दिसू शकते. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने २००४ मध्ये अशा प्रणालीच्या आधारे १०० फुटांपर्यंत खाली येण्यास अनुमती दिली. २०१६ मध्ये विहित अटींवर चाके टेकेपर्यंत तिचा वापर मान्य केला. फेडेक्स या मालवाहू कंपनीने आपल्या विमानांत ही जोडयंत्रणा बसवली आहे. मात्र धुक्यातील जलकणांचा आकार आणि दाटी यांवर अवरक्त किरणांची पोहोच अवलंबून असते. प्रत्येक धुक्यात कॅमेऱ्याला दिसेलच असे नाही. धावपट्टीवरील नव्या एलईडी दिव्यांतून उष्णता फारच कमी बाहेर पडते. त्यामुळे जुन्या धर्तीच्या कॅमेऱ्यांना ते नीट दिसत नाहीत, ही नवी अडचणही उद्भवली आहे.

भारतातील संदर्भ

एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७८७ विमाने २०१२ पासून दाखल होऊ लागली आणि त्यांच्याबरोबर दोन एचयूडींचे कॉकपिटही आले. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत पडणारे दाट धुके हा विमान वाहतुकीपुढील नेहमीचा प्रश्न आहे. दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर श्रेणी ३ च्या अवतरणाची सोय आहे. अशा अवतरणासाठी केवळ विमानातील उपकरण पुरेसे नसते. विमानतळावरील यंत्रणा, विमान आणि वैमानिक या तिघांनाही त्या श्रेणीची मान्यता असावी लागते. मोठी जेट विमाने अशा धुक्यात बहुधा ऑटोपायलटच्या साहाय्याने उतरतात. त्या वेळी एचयूडी असल्यास तो यंत्राच्या कामावर देखरेख ठेवण्यास उपयोगी पडतो.

लष्करी क्षेत्रात चंडीगड येथील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने तेजस या लढाऊ विमानासाठी एचयूडी विकसित केला. भारतीय वायुसेनेच्या सी-१३०जे या मालवाहू विमानातही दोन्ही वैमानिकांसाठी एचयूडी असतो.

उपयुक्तता आणि मर्यादा

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या २००९ मधील अहवालात १९९५ ते २००७ या काळातील अपघातांचे परीक्षण करण्यात आले. त्यांपैकी सुमारे ३८ टक्के अपघात एचयूडीच्या मार्गदर्शनामुळे टळले असते किंवा त्यांची तीव्रता घटली असती, असा निष्कर्ष त्यात आहे. हा घडून गेलेल्या घटनांवरून बांधलेला अंदाज आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही धावपट्टीच्या आधीच जमिनीला टेकणे, लांबवर टेकून धावपट्टी ओलांडणे, जोरात आदळणे किंवा शेपटी घासणे अशा अवतरणातील अपघातांत विमानाचा खरा मार्ग आणि वेग डोळ्यांसमोर असण्याचे मोल सहज समजण्याजोगे आहे. भोवताली दिवे नसलेल्या धावपट्टीवर रात्री उतरताना आपण खूप उंच आहोत असा भास होऊन वैमानिक विमान फार खाली आणतो. अशा वेळी तीन अंशांची संदर्भरेषा दिशाभूल टाळण्यास मदत करते.

याच्या दुसऱ्या बाजूस उपकरणाची किंमत, वजन, देखभाल आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा खर्च येतो. जेथे धुके क्वचित पडते आणि विमानांत स्वयंचलित अवतरणाची सोय आधीपासून आहे, तेथे कंपन्यांना हा खर्च अनावश्यक वाटू शकतो. एचयूडीवर सवयीने अवलंबून राहिलेल्या वैमानिकाला तो बंद पडल्यास पूर्वीच्या पद्धतीने उतरता आले पाहिजे. म्हणून त्याविना अवतरणाचा सरावही चालू ठेवावा लागतो.

काचेवर चिन्हे उमटवण्याचे तंत्र आता स्थिरावले आहे. ती चिन्हे अचूक असणे, मोजकी असणे आणि त्यांच्या पलीकडे पाहण्याची सवय वैमानिकाला असणे, या तीन अटींवर त्याची उपयुक्तता अवलंबून आहे. धुक्यातील त्या शेवटच्या १६ सेकंदांत चिन्हे समोर आणून ठेवण्याचे काम उपकरण करते. त्यांतून धावपट्टी पाहून उतरायचे की वर जायचे, हे मात्र वैमानिकालाच ठरवावे लागते.